आयुष्यात एकही रील न बनवलेला माणूस, ज्याचं नाव आज रीलवर आहे

गळ टाकून मासे पकडणाऱ्या कुणालाही विचारा, रील कुठल्या कंपनीचं घ्यावं? दोन-तीन नावं येतील आणि त्यात एक नाव हमखास असेल, शिमानो. आता सायकलच्या दुकानात जा आणि गिअर कुणाचे चांगले ते विचारा. तिथेही उत्तर येईल, शिमानो.

मासेमारीचा आणि सायकलचा संबंध काय? आणि गंमत म्हणजे हे ज्याचं आडनाव आहे त्या शोझाबुरो शिमानो यांनी आयुष्यात एकही रील बनवलं नाही. कंपनीची पहिली रीलं बाजारात आली तेव्हा त्यांना जाऊन १३ वर्षं झाली होती.

(इथे विषय इन्स्टाच्या रीलचा नाही, तंगूस गुंडाळायच्या रीलचा आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.)

तर ही गोष्ट सुरू होते जपानमधल्या साकाई या गावात.

बंदर गेलं, हात राहिले

साकाई समजून घ्यायचं तर नालासोपाऱ्याकडे बघावं. आजच्या नालासोपाऱ्यातलं सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. एकेकाळचं मोठं बंदर. इथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला बौद्ध स्तूप उकरून काढला. पुढे खाडी गाळाने भरली, व्यापार दुसरीकडे गेला आणि आज हे गाव मुंबईला लागून असलेलं लोकलचं स्टेशन म्हणून ओळखलं जातं.

साकाईचंही काहीसं असंच झालं. ओसाकाला लागून असलेलं हे गाव सोळाव्या शतकात जपानमधलं श्रीमंत व्यापारी बंदर होतं. १५४३ साली पोर्तुगीजांमार्फत जपानमध्ये बंदूक आली आणि थोड्याच वर्षांत साकाईचे लोहार बंदुका घडवायला लागले. पुढे लढाया थांबल्या, तसे तेच लोहार तंबाखू कापायच्या सुऱ्या बनवायला लागले. १७०४ मध्ये यामातो नदीचा प्रवाह वळवण्यात आला. नदीचा गाळ साकाईच्या बंदरात साचायला लागला आणि बंदराचं महत्त्व उतरत गेलं.

पण लोखंडाला आकार देणारे हात गावातच राहिले. विलायतेहून सायकली यायला लागल्या तेव्हा त्यांची दुरुस्ती कुणाकडे जाणार? या लोहारांकडे. आधी दुरुस्ती, मग सुटे भाग. बघता बघता साकाई हे जपानमधलं सायकलच्या धंद्याचं केंद्र झालं.

याच गावात १८९४ साली शोझाबुरो यांचा जन्म झाला. कमी वयातच ते कारखान्यात कामाला लागले आणि लोखंडाचं काम हातानेच शिकले.

एक लेथ, तोही उसना

फेब्रुवारी १९२१. शोझाबुरो २६ वर्षांचे होते. त्यांनी साकाईत सेल्युलॉइडच्या एका जुन्या कारखान्याची जागा भाड्याने घेतली आणि शिमानो आयर्न वर्क्स सुरू केलं. यंत्रं किती? एक लेथ. आणि तोही दुसऱ्याकडून उसना आणलेला.

आता अशा परिस्थितीत माणूस काय करेल? सोप्यातला सोपा भाग बनवायला घेईल. घंटी, स्टँड, कॅरिअर असं काहीतरी. शोझाबुरोंनी उलटं केलं. सायकलमधला बनवायला सगळ्यात अवघड समजला जाणारा भाग निवडला, तो म्हणजे फ्रीव्हील.

सायकल उतारावर असताना तुम्ही पेडल मारायचं थांबवता. पाय स्थिर, तरी चाक फिरत राहतं आणि मागून टक-टक-टक आवाज येतो. ते काम फ्रीव्हीलचं. आत एक दातेरी कडं असतं आणि स्प्रिंगवर बसवलेले छोटे खटके असतात. पेडल पुढे मारलं की खटके दातात अडकतात आणि चाक ओढलं जातं. पेडल थांबलं की तेच खटके दातांवरून घसरत जातात. म्हणजे एका दिशेने घट्ट पकड, दुसऱ्या दिशेने मोकळीक.

ऐकायला सोपं आहे, बनवायला नाही. माणसाचं सगळं वजन आणि जोर त्या नखाएवढ्या खटक्यांवर येतो. पोलाद मऊ राहिलं तर दात झिजतात आणि पेडल रिकामं फिरतं. जास्त कडक झालं तर खटका तुटतो. वरचा थर कडक आणि आतला गाभा चिवट, असं पोलाद तापवून-थंड करून साधावं लागतं. मापातही केसाएवढी चूक चालत नाही. त्या काळी चांगली फ्रीव्हील म्हटलं की ब्रिटिश माल, असंच समीकरण होतं.

१९२२ मध्ये शिमानोची फ्रीव्हील तयार व्हायला लागली. त्यावर ३.३.३ असा छाप असायचा. वर्षानुवर्षं हा कारखाना मुख्यतः एकाच वस्तूच्या मागे लागला. १९४० मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली.

मग युद्ध आलं. जुलै १९४५ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात साकाईचा मोठा भाग जळाला. जपानने शरणागती पत्करली त्याच्या जेमतेम महिनाभर आधी. शोझाबुरोंनी त्यानंतरही कंपनी चालू ठेवली. १९५१ मध्ये तिचं नाव बदलून शिमानो इंडस्ट्रिअल झालं, तर १९५७ मध्ये मागच्या चाकाच्या आत बसणारा तीन गिअरचा हब आला.

आणि १९५८ मध्ये शोझाबुरो गेले.

मग रील आलं कुठून?

कंपनी मुलांकडे आली. शोझो, केइझो आणि योशिझो या तिन्ही भावांनी पुढे एकामागून एक अध्यक्षपद सांभाळलं. साठच्या दशकात त्यांनी कोल्ड फोर्जिंगचं तंत्र आणलं. म्हणजे धातू लालभडक न करता, प्रचंड दाबाच्या प्रेसखाली थंडच दाबून आकार द्यायचा. यातून भाग मजबूत निघतो आणि माप नेमकं मिळतं.

आता छोटे, नेमके आणि न झिजणारे दाते बनवता येत असतील, तर ते आणखी कुठे लागतात? मासेमारीच्या रीलमध्ये. १९७० मध्ये कंपनीने मासेमारीच्या साहित्याचा वेगळा विभाग काढला आणि १९७१ मध्ये रीलं बाजारात आणली.

रील उघडून बघितलं तर बापाचा धंदा आत दिसतो. हँडल पुढे फिरवलं की तंगूस गुंडाळला जातो. पण मासा उलटा ओढायला लागला तर हँडल मागे फिरत नाही. जुन्या रीलमध्ये हे काम दातेरी चक्र आणि खटका करायचे, म्हणजे सरळ फ्रीव्हीलचाच भाऊ. नव्या रीलमध्ये त्याजागी बारीक रोलर असलेलं एकाच दिशेने फिरणारं बेअरिंग असतं. यंत्र बदललं, पण एका दिशेने पकड आणि दुसऱ्या दिशेने मोकळीक ही कल्पना तीच राहिली.

रील घेताना काय बघायचं?

शोझाबुरोंचा सगळा भर डोळ्यांना न दिसणाऱ्या भागावर होता. रील घेताना आणि जपताना तीच नजर लागते, मग कंपनी कुठलीही असो.

खोक्यावर बेअरिंगचा आकडा मोठा छापलेला असतो. तो बघून भुलू नका. दहा स्वस्त बेअरिंगपेक्षा चार चांगली बरी. त्याऐवजी हँडल सावकाश फिरवा. आत खरखर लागते का? हँडल बाजूला हलवलं तर खटखटतं का? हँडल झटकन उलटं फिरवून बघा, ते जागीच थांबलं पाहिजे.

मग ड्रॅग. मासा जोरात पळाला की तंगूस तुटू नये म्हणून तो ठरावीक ताणावर सुटू देणारा हा ब्रेक. ड्रॅग थोडा सैल करून तंगूस हाताने ओढा. तो एकसारखा सुटला पाहिजे, झटके देत नाही. साधारणपणे तंगूसच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतक्या ताणावर ड्रॅग लावतात.

५:१ असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ हँडलच्या एका फेरीत रोटर पाच वेळा फिरतो. स्पूल पाच सेंटिमीटर रुंद असेल तर एका फेरीत जवळपास पाऊण मीटर तंगूस आत येतो. खाडीत हलकं सामान घेऊन बसायचं तर २५०० ते ३००० साइजचं रील सोयीचं. कळंब-राजोडीसारख्या उघड्या किनाऱ्यावरून लांब फेकायचं तर ४००० ते ५००० किंवा त्याहून मोठं, कारण तंगूस जास्त मावायला हवा.

रीलचा खरा शत्रू मासा नाही, मीठ आहे

वसई-विरारच्या पट्ट्यात खारं पाणी, वाळू आणि दमट हवा असं सगळं एकत्र आहे. घरी आलात की आधी ड्रॅग घट्ट करा, म्हणजे पाणी आत जात नाही. मग नळाच्या हलक्या धारेखाली रील धुवा. बादलीत बुडवू नका, जोराचा फवाराही मारू नका, त्याने मीठ उलट आत ढकललं जातं. फडक्याने पुसून सावलीत वाळवा. वाळलं की ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देतो.

तेल आणि ग्रीस यात गल्लत करू नका. तंगूस ज्यावरून वळतो तो छोटा रोलर आणि हँडलची मूठ, इथे हलक्या तेलाचा एखादा थेंब. ग्रीस आतल्या गिअरला. त्या एकाच दिशेने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये मात्र ग्रीस भरलं तर रोलर घसरतात आणि हँडल मागे फिरायला लागतं. रील बिघडलं म्हणून लोक हळहळतात, पण अनेकदा बेअरिंग नीट साफ करून पुसलं की काम होतं. रील खोलणार असाल तर प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा आणि भाग काढले त्याच क्रमाने मांडून ठेवा. खरखर आवाज यायला लागला तर वापरणं थांबवा. खराब झालेलं बेअरिंग बदलता येतं, पण तसंच फिरवत राहिलात तर गिअरचे दाते जातात आणि मग दुरुस्तीचा खर्च नव्या रीलच्या जवळ पोहोचतो.

शोझाबुरो शिमानो यांनी नखाएवढ्या खटक्यावर धंदा उभा केला. तो खटका कुणाला दिसत नव्हता, पण त्याने दगा दिला की सगळ्यांना कळत होतं. रीलचंही तसंच आहे. रंग आणि नाव दुकानात कामाला येतं. मोठा मासा लागल्यावर कामाला येतं ते फक्त आतलं लोखंड, आणि ते शाबूत ठेवणं मालकाच्या हातात असतं.