ज्युदोचे जनक जिगोरो कानो

जपानमध्ये १८६० साली जन्मलेले जिगोरो कानो शरीराने किरकोळ होते. शाळेतील दांडगी मुले त्यांना छळत. दुर्बलाने बलवानापुढे टिकावे कसे, या विवंचनेतून ते जुजुत्सू शिकले. बळ १० विरुद्ध ७ असेल, तर विरोध करणारा हरतो. रेट्यासरशी मागे सरल्यास मात्र बलवानाचाच तोल ढळतो. त्याचे बळ ३ वर येते, आपले ७ शाबूत राहते, असे ते समजावीत. डाव टाकणाऱ्याला त्याच्याच वेगाने पाडणारी तोड याच तत्त्वावर उभी आहे. १८८२ मध्ये टोकियोतील एका मंदिरात ‘कोदोकान’ स्थापून त्यांनी ज्युदोचा पाया घातला. १९३८ मध्ये ते निवर्तले. छळ सोसलेल्या या गुरूने शिष्यांपुढे सूड नव्हे, तर परस्परांचे कल्याण हे ध्येय ठेवले.