डिकीतला डबा आणि डॉक्टर हेल्महोल्ट्झ

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी. पण ही गोष्ट मराठीतच सांगायची होती.

गेल्या दिवाळीत दादाने गाडीच्या डिकीत बारा इंची सबवूफर बसवायचं ठरवलं. घरात इंजिनीअर (होऊ घातलेली) मी एकटीच, म्हणून डब्याचं डिझाइन माझ्याकडे आलं. मी ऐटीत दोन घनफूट, म्हणजे साधारण ५६ लिटरचा एमडीएफचा डबा सांगितला. त्याला १० सेंटिमीटर व्यासाचा आणि १० सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप. लांबी तेवढीच का? कारण घरात तेवढाच तुकडा पडला होता! डबा वाजला, पण गाणं कुठलंही लावा, बास एकच स्वर धरून घुमायचा. दादाने माझ्या फीचा हिशोब काढला.

सुट्टी संपल्यावर मी हट्टाने लायब्ररीत बसले. तिथे कळलं की पोकळ डबा आणि त्याला मान, या जोडीला हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात. मानेतली हवा म्हणजे वजन आणि डब्यातली हवा म्हणजे स्प्रिंग. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो आवाज येतो तो हाच. मला वाटलं, हेल्महोल्ट्झ कोणी स्पीकर बनवणारे इंजिनीअर असतील. निघाले डॉक्टर, तेही लष्करातले!

हर्मन हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी जर्मनीतील पॉट्सडॅम येथे झाला. वडील शाळामास्तर. मुलाला फिजिक्स शिकायचं होतं, पण घरची परिस्थिती बेताची. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत मात्र सरकारी खर्चाने शिकता येत होतं, बदल्यात पुढे आठ वर्षं सैन्यात डॉक्टरकी. १८३८ साली ते तिथे दाखल झाले. आपल्या भाषेत सांगायचं तर हवी ती ब्रँच मिळाली नाही.

पण म्हणून त्यांनी फिजिक्स सोडलं नाही. १८४२ मध्ये डॉक्टरेट झाली आणि पुढच्या वर्षी पॉट्सडॅमच्या पलटणीत नेमणूक झाली. तिथे नोकरी सांभाळून ते स्नायूंवर प्रयोग करत. स्नायू काम करतो तेव्हा उष्णता कुठून येते, या डॉक्टरी प्रश्नातून ते थेट ऊर्जेच्या अक्षय्यतेपर्यंत पोचले. १८४७ साली, पंचविशीत, त्यांनी त्यावर निबंध लिहिला. त्या काळच्या नामांकित नियतकालिकाने तो नाकारला, म्हणून तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापावा लागला. आज थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम शिकताना आपण जे घोकतो, त्याच्या पायाभरणीतला हा एक मोठा दगड आहे.

१८४८ मध्ये त्यांना मुदतीआधीच लष्करातून मोकळं करण्यात आलं. पुढच्या वर्षी ते कोनिग्सबर्गला शरीरशास्त्राचे प्राध्यापक झाले. बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, हे त्यांनी तिथे मोजलं. उत्तर आलं सेकंदाला साधारण २७ मीटर. हा वेग मोजता येणारच नाही, असं तोवर मानलं जाई. १८५१ साली त्यांनी डोळ्याच्या आतला पडदा पाहण्याचं उपकरण, ऑफ्थॅल्मोस्कोप, जगापुढे मांडलं.

मग त्यांचं लक्ष कानाकडे वळलं. त्यांनी पोकळ गोळे वापरले. एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला कानात बसणारं बारीक टोक. प्रत्येक गोळा फक्त आपल्या मापाचा स्वर उचलायचा. त्यातून एकाच वाटणाऱ्या स्वरात किती स्वर दडलेले असतात हे वेगळं काढता आलं. हे काम चालू असतानाच, १८५९ मध्ये, त्यांची पत्नी ओल्गा वारली. तरी काम थांबलं नाही. १८६३ मध्ये स्वरसंवेदनेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. आपले सी. व्ही. रामन आपल्यावर प्रभाव पाडणाऱ्या मोजक्या पुस्तकांत याच ग्रंथाचं नाव घेत.

शेवटी १८७१ मध्ये, वयाच्या पन्नाशीला, ते बर्लिन विद्यापीठात फिजिक्सचे प्राध्यापक झाले. जे सतराव्या वर्षी हवं होतं, ते तेव्हा मिळालं! हाइनरिक हर्ट्झ हे त्यांचेच विद्यार्थी. ८ सप्टेंबर १८९४ रोजी हेल्महोल्ट्झ यांचं निधन झालं.

आता आमच्या डब्याकडे. त्यांच्या सूत्रात आकडे घातले तर माझा डबा ४९ हर्ट्झला घुमत होता. मानेच्या दोन्ही टोकांबाहेरची थोडी हवाही हलते, तिचे सुमारे ७ सेंटिमीटर धरावे लागतात. स्वर ३५ हर्ट्झवर आणायला पाइप २७ सेंटिमीटरचा हवा होता. आणि ५६ लिटर मोजायचे ते स्पीकर व पाइपची जागा वजा करून.

दुसरी चूक दिशेची. आम्ही डबा सीटला टेकवून स्पीकरचं तोंड सीटकडे केलं होतं. डिकीची मागची भिंत तिथून साधारण एक मीटर. आवाज मागे जाऊन परत येईपर्यंत दोन मीटर जास्त चालतो. ८६ हर्ट्झची तरंगलांबी चार मीटर, म्हणजे परत आलेली लाट बरोबर उलटी, आणि तिथला बास गायब! डबा मागे सरकवून तोंड मागच्या भिंतीकडे केलं आणि मध्ये ३० सेंटिमीटर ठेवले, तर हाच खड्डा २८६ हर्ट्झच्या आसपास जातो. तिथे सबवूफरचं कामच नसतं. दादाने फोनवर ऐकून दोन्ही बदल केले. फीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता खरी गोष्ट. मलाही फिजिक्सच करायचं होतं. नोकरी लवकर लागेल म्हणून बाबांनी मेकॅनिकलला घातलं, आणि तिसऱ्या सेमिस्टरला मी कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहून ठेवला होता. हेल्महोल्ट्झ वाचून मनातलं सगळं दुःख गेलं, असं मी म्हणणार नाही. त्यांना तेहतीस वर्षं थांबावं लागलं, हेही खरंच. पण डॉक्टरकी शिकले नसते तर ते कानापर्यंत पोचले असते का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. तो अर्ज मी अजून फाडलेला नाही. पाइपच्या लांबीचं गणित मात्र त्याच्याच पाठीवर केलं आहे.