बडोद्याचे विजय हजारे

गेल्या महिन्यात चौदा वर्षांखालील मुलांचा सामना आपण हरलो. त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पालकांमध्ये चांगलीच जुंपली होती. कोणी म्हणाले, मुलांना पायाभूत गोष्टीच शिकवलेल्या नाहीत. कोणी कर्णधारावर घसरले. आपल्या संघात एक मुलगा जरा वेगळ्याच ढबीने उभा राहतो, त्याची ढब प्रशिक्षकांनी आधी सुधारावी असे एका गृहस्थांचे ठाम मत पडले. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी एवढे सगळे ऐकून घेतले आणि हजारेंचे नाव काढले. मुलांपैकी बऱ्याच जणांना ‘विजय हजारे करंडक’ ठाऊक होता, पण हजारे कोण हे सांगता येईना. ही गोष्ट आम्हाला लागली, कारण हे गृहस्थ राहायचे आपल्याच गावात. म्हणून या अंकात त्यांच्याविषयी लिहायचे ठरवले.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीला झाला. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळामास्तर आणि घरात आठ भावंडे. घर मास्तरांचे, त्यामुळे पैशाची चैन नव्हती. त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरत नसे. खेळाडूला नोकरी देणारा एखादा संस्थानिक भेटला, तरच खेळ पुढे जाई. हजारेंना असा आश्रय मिळाला आणि त्यातूनच त्यांना एक मोठे गुरू लाभले. ते म्हणजे ऑस्ट्रेलियाचे लेगस्पिन गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट. कसोटी क्रिकेटमध्ये दोनशे बळींचा टप्पा सर्वांत आधी गाठला तो यांनीच.

आता ढबीची गोष्ट. फलंदाज साधारणपणे उजव्या पायाच्या बोटांमागे बॅट टेकवून उभा राहतो, आणि आपल्या मुलांनाही तेच शिकवले जाते. हजारे मात्र बॅट दोन्ही पॅडच्या मधोमध धरत. पुस्तकाप्रमाणे ही चूकच. बॅट पॅडमध्ये अडकेल, मागे उचलायला उशीर होईल, असे कोणताही प्रशिक्षक सांगेल. ग्रिमेटसारखा जाणकार गुरू मिळूनही ती ढब शेवटपर्यंत तशीच राहिली. एक मात्र ध्यानात घ्यायला हवे. चेंडू हातून सुटला की पुढचे सारे हजारेंचे शास्त्रशुद्ध होते. बॅट सरळ येई, चेंडूवर अखेरपर्यंत नजर असे, आणि घाई म्हणून कसली नव्हती. पालकांमध्ये वाद झाला तो उभे राहण्यावरून. हजारेंचे खरे कसब दिसे ते चेंडू आल्यावर.

१९३९-४० च्या रणजी हंगामात हजारे महाराष्ट्राकडून खेळत होते. पुण्याच्या सामन्यात त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणी सामन्यात भारतीय खेळाडूने केलेले ते पहिले त्रिशतक. आणि समोर कोण होते? बडोदे! आपल्या गोलंदाजांनी त्या दिवशी काय भोगले असेल याची कल्पना करावी. प्रो. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्या वर्षी महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. पुढे दोनच वर्षांत हजारे बडोद्याच्या संघात आले. महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांच्या काळात संस्थानाने चांगले खेळाडू गोळा केले होते. ज्याने आपल्याला एवढे बडवले त्यालाच आपल्याकडे घ्यावे, हा हिशेब आम्हाला तरी फार शहाणपणाचा वाटतो. १९४२-४३ मध्ये बडोद्याने पहिल्यांदा करंडक आणला.

डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. तेव्हा या स्पर्धेतले संघ धर्मावर ठरत. हजारे ख्रिस्ती असल्याने ‘इतर’ या संघातून खेळत. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंटांच्या नाबाद २५०. इतरांचा पहिला डाव १३३ वर आटोपला, त्यात हजारेंच्या ५९. मग फॉलोऑन. दुसऱ्या डावात संघाने ३८७ केल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. धाकटे भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली, तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. गणित शिकवणाऱ्या गुरुजींनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे. सामना हिंदू संघाने एक डाव राखून जिंकला.

हरलेल्या सामन्यात केलेल्या धावा कशा मोजाव्यात, हा क्रिकेटवेड्यांचा कायमचा वाद आहे. हजारेंच्या बाबतीत तो वारंवार निघतो, कारण त्यांची सर्वांत मोठी कामगिरीही पराभवातलीच आहे.

१९४७-४८ मध्ये स्वतंत्र भारताचा पहिला संघ ऑस्ट्रेलियाला गेला. कर्णधार लाला अमरनाथ होते, आणि समोर डॉन ब्रॅडमन. सिडनीच्या कसोटीत हजारेंनी ब्रॅडमनचा १३ धावांवर त्रिफळा उडवला. हजारे मध्यमगती गोलंदाज होते हे आज पुष्कळांना माहीत नसते. प्रथम श्रेणीत त्यांनी ५९५ बळी घेतले, म्हणजे आजच्या भाषेत पुरते अष्टपैलू. जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेडला ब्रॅडमनने २०१ केल्या, तेव्हाही शेवटी त्रिफळा उडवला तो हजारेंनीच. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ झाल्या होत्या. भारताचे पाच गडी १३३ वर बाद झाले असताना हजारे आणि दत्तू फडकर यांनी १८८ धावा जोडल्या. हजारे ११६, फडकर १२३, भारत ३८१. फॉलोऑन टळला नाही.

दुसऱ्या डावाला सुरुवात झाली आणि धावफलकावर एकही धाव लागायच्या आत विनू मंकड आणि अमरनाथ दोघेही परतले. चेंडू लिंडवॉल आणि मिलरच्या हातात. त्या काळी डोक्याला हेल्मेट नाही, हातमोजे पातळ. हजारे आत गेले, बॅट पॅडमध्ये टेकवली आणि १४५ धावा काढल्या. अकरापैकी सहा जण शून्यावर बाद झाले. लिंडवॉलने ३८ धावांत ७ बळी घेतले. भारताच्या २७७ झाल्या आणि एक डाव १६ धावांनी हार झाली. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे हजारे हे पहिले भारतीय. मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या डावात हेमू अधिकारींच्या ५१ आणि गुल महंमदांच्या ३४ होत्या, आणि हे दोघेही तेव्हा बडोद्याच्याच संघातले. २७७ पैकी २३० धावा आपल्या गावच्या तिघांनी केल्या!

एवढे सांगितल्यावर सामना हरलो म्हणून या धावा कमी मोलाच्या ठरतात असे आम्हाला वाटत नाही. एकाच्या बॅटने फार तर पराभव लांबतो. वीस गडी बाद करायला गोलंदाज लागतात आणि तेवढे बळ तेव्हा आपल्याकडे नव्हते. तो दोष संघबांधणीचा. टिकून राहिलेल्या माणसाच्या खात्यावर तो टाकू नये.

कर्णधारपदाचा वाद मात्र इतका सोपा नाही. १९५१-५२ मध्ये इंग्लंडचा संघ आला आणि हजारेंना कर्णधार केले. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत इंग्लंडला २०३ वर गुंडाळले. मर्चंट १५४ आणि हजारे नाबाद १६४ अशी भक्कम फलंदाजी झाली. पण खेळ संथ झाला. डाव वेळेवर सोडला असता तर तेव्हाच सामना जिंकला असता, असे अनेकांचे म्हणणे पडले. इंग्लंडने दुसऱ्या डावात तग धरला आणि सामना अनिर्णित राहिला. मुंबईला हजारेंनी पुन्हा १५५ केल्या. कानपूरला भारत हरला आणि टीका वाढली.

मग फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासची कसोटी झाली. मंकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले. पंकज रॉय यांनी १११ आणि पॉली उम्रीगरांनी नाबाद १३० धावा केल्या. १० फेब्रुवारीला भारताने एक डाव ८ धावांनी विजय मिळवला. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या भारताचा हा पहिला विजय, आणि कर्णधार बडोद्याचे. त्या सामन्यात हजारेंची स्वतःची बॅट चालली नव्हती. कर्णधार म्हणून त्यांनी १४ कसोटी खेळल्या, त्यांत जिंकलेली एवढी एकच.

त्याच वर्षी उन्हाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यावर लीड्सला भारताचे दुसऱ्या डावात शून्यावर चार गडी बाद झाले. फ्रेड ट्रूमनची ती पहिलीच कसोटी. आपले दत्ताजीराव गायकवाडही त्या चौघांत होते. पुन्हा हजारे, पुन्हा फडकर. दोघांनी १०५ धावा जोडून अब्रू राखली. मालिका ०-३ ने गेली. पाकिस्तानविरुद्धच्या पुढच्या मालिकेत कर्णधारपद परत अमरनाथांकडे गेले, आणि मुंबईला हजारेंनी नाबाद १४६ केल्या! नंतर वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी त्यांना पुन्हा कर्णधार केले आणि बॅट परत रुसली. ती त्यांची शेवटची मालिका ठरली.

नेतृत्वाच्या ओझ्यामुळे हजारेंमधला फलंदाज मागे पडला, असे खुद्द मर्चंटांचे मत होते. बडोद्याची जुनी मंडळीही बहुतेक याच बाजूची. आम्हाला हे बरेचसे पटते, पण पूर्ण नाही. १६४ आणि १५५ या धावा कर्णधार असतानाच्याच आहेत. हजारे स्वभावाने अबोल आणि सरळ. मैदानावर आरडाओरड करणे, डावपेच लढवणे, गटबाजी मोडून काढणे हे त्यांच्या पिंडातच नव्हते. उत्तम फलंदाज आहे म्हणून कर्णधार करावा, हा निर्णय निवडणाऱ्यांचा होता. आपल्या शाळेच्या संघातही दरवर्षी हेच होते, हे क्रीडाशिक्षकांनी मनाला लावून घेऊ नये!

३० कसोटींत ७ शतके आणि ४७.६५ च्या सरासरीने २,१९२ धावा, असा त्यांचा हिशेब आहे. प्रथम श्रेणीत १८,७४० धावा आणि ६० शतके. १९५७-५८ मध्ये दत्ताजीराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने चौथ्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हाही त्रेचाळिशीला आलेले हजारे संघात होते. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेळ संपल्यावरही ते याच गावात राहिले आणि इथेच १८ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

मार्च १९४७ ची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तो सामना इथे, बडोद्यात झाला. रणजीची अंतिम फेरी, समोर सी. के. नायडूंचा होळकर संघ. बडोद्याचे ३ बाद ९१. तिथून हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली ती ६६८ पर्यंत हलली नाही. ५७७ धावा! गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याने ७८४ केल्या आणि एक डाव ४०९ धावांनी करंडक जिंकला. एक सांगलीचा ख्रिस्ती, दुसरा लाहोरचा मुसलमान, आणि पाच महिन्यांत देशाची फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानला गेले आणि त्या देशाकडूनही एक कसोटी खेळले. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम २००६ मध्ये श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावांनी मोडला. चौथ्या गड्यासाठी मात्र तो अजूनही या दोघांच्याच नावावर आहे.

हजारेंचे त्रिशतक बारा धावांनी हुकले. त्यावरूनही तेव्हा वाद झाले असणारच. हा सामना पाहिलेल्या कोणाची आठवण आपल्या घरी सांगितली जात असेल, जुने कात्रण किंवा छायाचित्र जपलेले असेल, तर पालकांनी शाळेच्या कार्यालयात आणून द्यावे. प्रत काढून मूळ परत करू.