नाव सांगा, बाई!

आमच्या बचतगटाच्या बैठकीत एकदा मतदार नोंदणीचे फॉर्म भरून घेत होते. एका आजींना नाव विचारलं, तर थोरल्या मुलाचं नाव घेऊन त्याची आई असं लिही म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मला मात्र सुकुमार सेन आठवले.

हे सेन म्हणजे आपल्या देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. मूळचे बंगालचे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि पुढे लंडनला शिकले. गणितात सुवर्णपदक मिळवलेलं. आय.सी.एस. होऊन जिल्ह्याजिल्ह्यांत काम केलं, न्यायाधीश झाले, मग पश्चिम बंगालचे मुख्य सचिव. मार्च १९५० मध्ये निवडणुकीची जबाबदारी त्यांच्यावर आली.

पंडित नेहरूंना निवडणूक लवकर हवी होती. सेन म्हणाले, जरा थांबा. बरोबरच होतं. लग्न ठरलं, पण आमंत्रणाची यादीच नाही, अशी गत! मतदार १७ कोटींच्या वर आणि शंभरातल्या ८५ जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोघरी जाऊन नावं लिहायची होती. नुसत्या याद्या टाईप करून जुळवायला साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांसाठी नेमले होते.

खरी अडचण पुढेच होती. आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नसत. उत्तरेत तर अनेकजणी परक्या माणसाला स्वतःचंच नाव सांगेनात. यादीत लिहिलं जाई, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी. सेन यांनी ठरवलं, स्वतःचं नाव नाही तर यादीत जागा नाही. बिहारमध्ये त्यासाठी महिनाभर मुदतही वाढवून दिली. तरीही जवळजवळ ८ कोटी स्त्री मतदारांपैकी सुमारे २८ लाख जणींच्या नोंदी वगळाव्या लागल्या. बहुतेक सगळ्या बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांतल्या.

खूप गदारोळ झाला. सेन यांना मात्र वाटलं, झालं ते बरंच झालं, पुढच्या खेपेपर्यंत हा संकोच जाईल. खरं सांगू? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. त्या बिचाऱ्यांचं मत गेलं ना! पण वस्तीत काम करायला लागले तेव्हा कळलं. रेशनकार्ड असो की बँकेचं खातं, जिचं नाव कागदावर नाही तिला कुणी विचारत नाही.

२५ ऑक्टोबर १९५१ ला मतदान सुरू झालं ते फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललं. वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्हं आली, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली, बोटाला शाई लागली. १९५३ मध्ये सुदान देशानंही निवडणूक घ्यायला सेन यांनाच बोलावलं. १९५४ ला पद्मभूषण मिळालं. १९५७ ची दुसरी निवडणूकही त्यांनीच पार पाडली. पहिल्या वेळच्या मतपेट्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे खर्च वाचला. आपण रिकामे डबे ठेवतो ना, तस्सं! पुढे ते बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आत्मचरित्र काही त्यांनी लिहिलं नाही. कोट्यवधींची नावं लिहवून घेणाऱ्या या माणसाचं नाव आज आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

मैत्रिणींनो, एवढं करा. घरातल्या मुलीला अठरा पूर्ण झाली असतील तर नमुना ६ भरा. सून सासरी आली, पत्ता बदलला, नावात चूक असली तर नमुना ८. आणि निवडणुकीच्या आधी यादी एकदा स्वतः बघा, हे काम नवऱ्यावर सोडू नका.

आमच्या त्या आजींनी शेवटी नाव सांगितलं, अगदी हळू आवाजात. इतकं गोड नाव, आणि शेजारणींनासुद्धा ते त्या दिवशीच कळलं!