विश्लेषण : पुलावरच्या रांगेतून ‘ऊप्स’ कसे जन्मले? कोण होते क्रिस्टन न्यूगार्ड?

महाशिवरात्रीला तोरणमाळच्या गोरक्षनाथ यात्रेला गेलेल्यांना सातपायरी घाटातली गर्दी सांगायला नको. शहाद्याकडून येणाऱ्या एसटी, काळ्या-पिवळ्या जीप, ट्रक, मोटारसायकली एकामागे एक चढत असतात. वळणावर एक गाडी अडली की मागची सगळी रांग खोळंबते. अशी रांग संगणकात हुबेहूब उभी करायची तर प्रोग्राम कसा लिहायचा?

जवळपास सहा दशकांपूर्वी नॉर्वेतील दोघांपुढे असाच प्रश्न होता. त्यांच्या उत्तरातून ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतले ‘ऊप्स’, जन्माला आले. नंदुरबार-शहाद्यातून जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठापर्यंत, संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या कोणालाच हा विषय चुकत नाही. ज्यांच्यामुळे तो आला ते क्रिस्टन न्यूगार्ड मात्र पाठ्यपुस्तकात सहसा एका ओळीत आटोपतात.

संगणकाकडे कसे वळले?

न्यूगार्ड यांचा जन्म 27 ऑगस्ट 1926 रोजी ओस्लो येथे झाला. शिक्षण गणिताचे. 1948 मध्ये ते नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत रुजू झाले. तेथे अणुभट्टीसंबंधीची आकडेमोड आणि पुढे ‘ऑपरेशन्स रिसर्च’ हे त्यांचे काम. माणसे, यंत्रे, वेळ आणि रांगा यांचा मेळ कसा बसवायचा, याचे हे शास्त्र. याच संस्थेत ओले-योहान डाल हे तरुण सहकारी त्यांना भेटले.

1960 मध्ये न्यूगार्ड नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये आले, पाठोपाठ डालही. कारखाना, बंदर, विमानतळ यांचे काम संगणकावर आधीच ‘चालवून’ पाहता यावे, यासाठी दोघांनी ‘सिम्युला’ ही भाषा रचली. न्यूगार्ड यांच्याकडे कल्पना आणि वाटाघाटींचे कसब, तर डाल यांच्याकडे प्रोग्रामिंगची पक्की बैठक. ही विभागणी नसती तर सिम्युला कागदावरच राहिली असती, असे वाटते. 1965 च्या सुरुवातीला तिची पहिली आवृत्ती युनिव्हॅक 1107 या संगणकावर चालू लागली.

मग ‘क्लास’ कुठून आला?

1966-67 च्या हिवाळ्यात दोघे एका उदाहरणाशी झगडत होते. एक पूल, त्यावर टोलनाका आणि वाहनांची रांग. त्यात ट्रक आहेत, बसही आहेत. दोन्हींचे प्रोग्राम वेगवेगळे लिहिले तर रांगेत उभे राहणे, पुढे सरकणे हे तेच तेच पुन्हा लिहावे लागते. एकच लिहिला तर बसचे प्रवासी आणि ट्रकचा माल यांची खिचडी होते.

त्यांना सापडलेला तोडगा आपल्या घाटाला लावून पाहा. आधी ‘वाहन’ नावाचा क्लास करा. क्लास म्हणजे आराखडा. त्यात फक्त सर्वांना समान असलेले ठेवा : क्रमांक, वेग, रांगेतली जागा. मग ‘एसटी’ हा क्लास ‘वाहन’वरून बेता आणि त्यात प्रवासी जोडा. ‘ट्रक’मध्ये मालाचे वजन जोडा. हे झाले इनहेरिटन्स. घाटात प्रत्यक्ष उभी असलेली प्रत्येक एसटी म्हणजे त्या आराखड्यावरून घडलेला ऑब्जेक्ट. तिची माहिती आणि तिचे वागणे दोन्ही तिच्यापाशीच. रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रामला आत प्रवासी आहेत की कांदे, याच्याशी घेणे नाही. उद्या यात्रेत ट्रॅक्टर आला तरी रांगेचा प्रोग्राम बदलावा लागत नाही. डिझाइन म्हणतात ते हेच, पण परीक्षेत मात्र व्याख्या विचारली जाते!

हा विचार ‘सिम्युला 67’ मध्ये उतरला. अमेरिकेत ॲलन के यांना त्यातून ‘स्मॉलटॉक’ची दिशा मिळाली. केंब्रिजमध्ये सिम्युला वापरलेल्या ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रप यांनी 1979 मध्ये सी भाषेला क्लास जोडायला घेतले, तीच पुढे सी++ झाली. 1995 मध्ये जावा आली.

कामगारांमध्ये कशासाठी?

दुसरा कोणी असता तर याच पुण्याईवर जगला असता. न्यूगार्ड यांना मात्र खटकत होते की, त्यांच्या तंत्राने कारखान्याचे नियोजन मालकाच्या हाती अधिक घट्ट जाते. 1970 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम सुरू केले. कारखान्यात संगणक येणार असेल तर त्याची माहिती आणि त्यावर बोलण्याचा हक्क कामगारालाही हवा, हा आग्रह त्यातून करारांपर्यंत पोहोचला. वापरणाऱ्याला सोबत घेऊन प्रणाली रचण्याच्या पद्धतीची मुळे या कामात सापडतात. पुढे नॉर्वेने युरोपीय संघात जाऊ नये, या मोहिमेचे ते नेते होते. 1994 च्या सार्वमतात त्यांचा पक्ष जिंकला.

शिकवायचे कसे?

ओस्लो विद्यापीठात प्राध्यापक असताना आणि निवृत्तीनंतरही हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. सुरुवातीला दोन ओळींचे सोपे प्रोग्राम आणि ऑब्जेक्ट शेवटच्या धड्यात, ही रीत त्यांना उलटी वाटे. ते उपाहारगृहाचे उदाहरण घेत. गिऱ्हाईक, वाढपी, आचारी, ऑर्डर, बिल असे गुंतागुंतीचे, पण प्रत्येकाच्या ओळखीचे जग आधी पाहायचे. कोण काय जाणतो, कोण काय करतो, कोण कोणाची वाट पाहतो हे ठरवायचे आणि मग कोड लिहायचे. आयुष्याच्या शेवटी ओस्लोमध्ये त्यांनी याच शिकवण्यावर संशोधन प्रकल्प उभा केला.

2001 चा ट्युरिंग पुरस्कार न्यूगार्ड आणि डाल यांना मिळून जाहीर झाला. 29 जून 2002 रोजी डाल गेले. सहाच आठवड्यांनी, 10 ऑगस्टला, हृदयविकाराच्या झटक्याने न्यूगार्ड यांचे निधन झाले. शिकवण्याचा तो प्रकल्प सहकाऱ्यांनी पुढे चालवला.