सगळे देवादिकांचे पिक्चर काढत होते, तेव्हा कोल्हापूरच्या पेंटरने कर्जबाजारी शेतकऱ्यावर सिनेमा काढला होता

नव्या पिक्चरचा ट्रेलर आला की तासाभरात भांडण सुरू होतं. कुणाला त्यात कोरियन सिनेमा दिसतो, कुणाला साऊथचा रिमेक. एक ऐतिहासिक पिक्चर चालला की पाठोपाठ दहा येतात, एक भुताचा चालला की सगळ्यांना भुतंच सुचायला लागतात.

या लोकांना नवीन काही सुचत नाही का, हा प्रश्न आजचा वाटतो. पण तो आपला सिनेमा जेमतेम बारा वर्षांचा होता तेव्हाही होता. आणि एका मराठी माणसाने त्याचं उत्तर शोधायचा प्रयत्नही केला होता. उत्तर बरोबर होतं, पण त्याची किंमत मोजावी लागली.

त्या माणसाचं नाव बाबूराव पेंटर.

मूळ नाव बाबूराव कृष्णराव मिस्त्री. जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घरात पिढीजात कारागिरी. वडील कृष्णराव सुतारकामापासून लोहारकामापर्यंत सगळ्यात हात असलेले. शाळा फार झाली नाही, पण घरातच चित्र काढणं, मूर्ती घडवणं, यंत्र खोलून परत जोडणं हे सगळं शिकून झालं.

नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघं मिळून संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. तो काळ केशवराव भोसले आणि बालगंधर्वांचा. राजवाडा, जंगल, देऊळ, सगळं पडद्यावर रंगवलेलं असायचं. या कामात दोघांचं इतकं नाव झालं की मिस्त्री आडनाव मागे पडलं आणि पेंटर हेच आडनाव झालं.

अशातच ३ मे १९१३ ला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो बघून दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. पण सिनेमा काढायचा तर कॅमेरा पाहिजे, तो विलायतेतून येणार आणि तेवढे पैसे कुणाकडे नव्हते.

मग त्यांनी ठरवलं, कॅमेरा घरीच बनवायचा.

काम सुरू असतानाच १९१६ साली आनंदराव अचानक वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन त्यांनी १९१८ साली चालणारा कॅमेरा तयार केला. त्याच सुमारास कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला पैशाचं पाठबळ दिलं गायिका तानीबाई कागलकर यांनी.

१९२० साली कंपनीचा पहिला पिक्चर आला, ‘सैरंध्री’. गोष्ट महाभारतातली, कीचकवधाची. पुण्यात तो बघून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक आणि सिनेमा केसरी ही पदवी दिली. कीचकाचा वध इतका खरा वाटत होता की त्या दृश्याला सेन्सॉरची कात्री लागली.

गोष्ट जुनीच होती, पण ती दाखवायची पद्धत नवी होती. ज्या माणसाने आयुष्यभर पडदे रंगवले, त्यानेच सिनेमातून रंगवलेले पडदे काढून टाकले आणि लांबी, रुंदी, खोली असलेले खरे सेट उभे केले. शूटिंगच्या आधी पात्रांचे कपडे आणि हालचाली तो कागदावर काढून घ्यायचा. सिनेमाची पोस्टरं स्वतः रंगवायचा. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं त्याचं पोस्टर आज टिकून असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय पोस्टरांमध्ये मोजलं जातं.

आता मुद्द्याचा प्रश्न. तेव्हा सगळे पौराणिक सिनेमेच का काढायचे?

कारण अगदी व्यवहारी होतं. सिनेमा मुका होता. पात्रं काय बोलतात ते मधेमधे पाट्या दाखवून सांगावं लागायचं. आणि थिएटरात बसलेल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. मात्र द्रौपदी कोण, कीचक कोण, भीम आता काय करणार, हे सगळ्यांना पाठ होतं. पुराणातली गोष्ट घेतली की ती समजावून सांगायची गरज नसायची. लोकांना आधीच माहीत असलेली कथा हा धंद्यातला विमा होता. आजचे निर्माते रिमेक आणि सिक्वेल काढतात, त्यामागचा हिशोब यापेक्षा फार वेगळा नाही.

बाबूरावांनी या चौकटीतून बाहेर पडायला सुरुवात केली १९२३ साली. त्यांनी ‘सिंहगड’ काढला. हरी नारायण आपट्यांच्या कादंबरीवर बेतलेली तानाजीची गोष्ट. रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. पोरगेल्या वयाच्या व्ही. शांताराम यांनी त्यात शेलारमामा केला. २०२० साली अजय देवगणचा ‘तान्हाजी’ आला, त्याच्या ९७ वर्षं आधी हीच लढाई कोल्हापूरच्या लोकांनी पडद्यावर लढून झाली होती.

देव झाले, इतिहास झाला. पुढचं पाऊल मात्र खरी उडी होती.

१९२५ साली आला ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरी आपटे यांची. एक तरुण शेतकरी कर्जात अडकतो. लबाड सावकार त्याची जमीन गिळतो. शेवटी गाव सोडून तो शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम, सावकार झुंजारराव पवार. त्यात ना चमत्कार होता, ना राजवाडा. होती ती मोडकी झोपडी आणि अंधारात भुंकणारं कुत्रं. हे दृश्य ज्यांनी बघितलं त्यांना ते पुढे कित्येक वर्षं आठवत राहिलं.

विषय कुठून आणलेला नव्हता. १८७५ साली पुणे आणि नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जाचे कागद जाळले होते. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले आणि त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. व्याजापायी गेलेली जमीन ही गोष्ट कोल्हापूरच्या शिवारात जितकी खरी होती, तितकीच खानदेशात साक्री-पिंपळनेरच्या शिवारातही. म्हणजे सिनेमात हा विषय नवा होता, पण लोकांच्या घरात जुना होता.

आणि बहुतेक तिथेच घोडं अडलं.

पिक्चर चालला नाही. दिवसभर सावकाराच्या ओसरीवर बसून आलेल्या माणसाला रात्री तिकीट काढून परत सावकार बघायचा नव्हता. त्याला देव बघायचे होते, मारुतीचं उड्डाण बघायचं होतं. जाणकारांनी कौतुक केलं, पण कौतुकावर कंपनी चालत नाही. बाबूरावांना पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक सिनेमांकडे वळावं लागलं.

पुढे १ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे त्यांचे तयार झालेले शिष्य बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. काही काळातच महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली.

पण ‘सावकारी पाश’ची गोष्ट तिथे संपली नाही.

ज्या नारायण हरी आपट्यांची कथा पडली होती, त्यांच्याच कादंबरीवर शांतारामांनी १९३७ साली ‘कुंकू’ काढला. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या मुलीचं बंड दाखवणारा हा सिनेमा गाजला. सामाजिक सिनेमा आता चालू लागला होता. बाबूरावांनीही १९३६ साली ‘सावकारी पाश’ परत काढला, या वेळी बोलपट म्हणून. अपयशी ठरलेली गोष्ट अकरा वर्षांनी पुन्हा सांगावीशी वाटणं, यातच त्यांचा त्या गोष्टीवरचा विश्वास दिसतो.

१९४७ साली गुरू-शिष्य पुन्हा एकत्र आले. शांतारामांच्या राजकमलसाठी ‘लोकशाहीर राम जोशी’ तयार झाला. लेखन गदिमांचं, भूमिकेत जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर, दिग्दर्शनाला बाबूराव आणि जोडीला शांताराम. या सिनेमाने मराठीत तमाशापटांची लाट आणली. पुढे ‘सांगत्ये ऐका’पासून ‘पिंजरा’पर्यंत ढोलकी वाजत राहिली आणि जत्रेतल्या तंबू टॉकीजपर्यंत पोचली. मग सगळ्यांनी इतके तमाशापट काढले की तीही एक ठरलेली चौकट होऊन बसली. नवी वाट मळली की तिचा रस्ता होतो, तो असा.

१६ जानेवारी १९५४ ला बाबूराव पेंटर गेले. त्याच्या आदल्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला होता. कर्जात अडकलेला शेतकरी, जमिनीवर डोळा ठेवून बसलेला जमीनदार, शहरात जाऊन घाम गाळणारा नायक. त्या पिक्चरला देशात आणि परदेशात सन्मान मिळाला. १९५७ च्या ‘मदर इंडिया’तला सुखीलाला तर घराघरात पोचला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट तोवर हिंदी सिनेमाची हक्काची गोष्ट झाली होती.

१९२५ च्या मूक ‘सावकारी पाश’ची प्रिंट आज बघायला मिळत नाही. कोल्हापूरच्या खरी कॉर्नरला मात्र कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभा आहे, घरच्या घरी कॅमेरा बनवणाऱ्या या पेंटरच्या आठवणीत.