भांडीं धुण्याच्या यंत्राच्या जनक : जोसेफिन कॉक्रन

घरोघर दररोज चालणारें, परंतु कोणाच्या लेखीं फारसें न येणारें काम म्हणजे भांडीं धुण्याचें. ह्या हलक्या मानलेल्या कामाचा ज्या बाईंनीं शास्त्रीय दृष्टीनें विचार केला, त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांस व पालकांस सारखेंच बोधप्रद वाटेल.

जोसेफिनबाईंचा जन्म अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत ता. ८ मार्च १८३९ रोजीं झाला. वडील जॉन गॅरिस हे इंजिनिअर होते. १८५८ सालीं विल्यम कॉक्रन ह्या व्यापाऱ्याशीं विवाह झाला; त्या इलिनॉय संस्थानांतील शेल्बीव्हिल गांवीं राहत. घरीं मेजवान्या होत; मागाहून भांडीं धुतांना नोकरांच्या हातून चिनी मातीच्या मौल्यवान बश्यांचे टवके उडत. हात न लावतां भांडीं धुतां येतील काय, हा प्रश्न बाईंच्या मनांत घोळूं लागला.

इतक्यांत १८८३ सालीं पतीचें निधन झालें. मागें उरला अल्प पैसा आणि पुष्कळसें कर्ज. हौसेची कल्पना आतां चरितार्थाचें साधन झाली. यंत्रशास्त्र न शिकलेल्या स्त्रीचें ऐकावें कशाला, असें कारागिरांस वाटे. ते आपल्याच मतानें भाग बनवीत व ते फसल्यावरच बाईंचें म्हणणें मानीत. अखेर जॉर्ज बटर्स ह्या कारागिराच्या साहाय्यानें यंत्र सिद्ध झालें आणि ता. २८ डिसेंबर १८८६ रोजीं त्याचें पेटंट मिळालें.

ह्यापूर्वीं, १८५० सालीं, जोएल हॉटन ह्यांनीं लाकडी यंत्राचें पेटंट घेतलें होतें. परंतु तें भांड्यांवर नुसतें पाणी उडवी. बाईंनीं भांड्यांचीं मापें घेऊन तारेचे कप्पे केले, ते तांब्याच्या मोठ्या भांड्यांतील आडव्या चाकावर बसविले, आणि चाक फिरत असतां साबणाचें कढत पाणी जोरानें मारण्याची योजना केली. शिकागोच्या पामर हाउस व शर्मन हाउस ह्या हॉटेलांनीं यंत्रें घेतलीं. १८९३ सालच्या शिकागो प्रदर्शनांत उत्तम रचना व टिकाऊपणा ह्यांबद्दल पारितोषिक मिळालें. घरोघर मात्र तितकें कढत पाणी मिळत नसे, म्हणून तेथें त्याचा प्रसार झाला नाहीं. १९१३ सालच्या ऑगस्टांत बाई निवर्तल्या. १९२६ सालीं त्यांची कंपनी होबार्ट कंपनीनें घेतली.

आजच्या यंत्रांत भांडीं स्थिर राहतात व छिद्रें असलेले हात पाण्याच्या जोरानें फिरतात, तत्त्व तेंच. म्हणून तें वापरतांना खरकटें खरडून टाकावें. आधीं विसळण्याची गरज नाहीं. प्रत्येक भांड्याचें तोंड पाण्याच्या माऱ्याकडे करावें, एकांत एक भांडें घालूं नये, आणि फिरत्या हातास कांहीं अडत नाहीं हें पाहावें. तेंच पाणी गाळून पुनः पुनः फिरविलें जातें, यास्तव गाळणी स्वच्छ ठेवावी. वीज मुख्यतः पाणी तापविण्यांत खर्च होते. तेव्हां यंत्र पुरतें भरल्यावरच चालवावें.

२००६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-मंडपांत बाईंच्या नांवास स्थान मिळालें. विद्यार्थिमित्रहो, त्यांच्यापाशीं पदवी नव्हती, भांडवल नव्हतें. होती ती नित्याच्या कामाकडे बारकाईनें पाहण्याची दृष्टि आणि संकटांत न डगमगणारी चिकाटी.